कजरीची साक्षीदार

माझ्या तोंडावर त्या इमारतीत कुणाचा विश्वास नव्हता. माझ्या कवटीवर होता.

सोमवारी साडेदहाला मी नेहमीच्या खुर्चीत बसले आणि सुमंतने माझ्या डोक्यावर टोपी चढवली. पोहायला जाताना घालतात तसली रबरी टोपी, आतून चौसष्ट ओल्या चकत्या लावलेली. चकत्या कातडीला टेकाव्यात म्हणून तो माझे केस बाजूला सारतो आणि दर वेळी म्हणतो, "ताई, तुमच्या केसांत वाट सापडत नाही बुवा." तीन वर्षं हा एकच विनोद. पहिल्यांदा मी हसले होते, ती माझी चूक.

पडद्यावर भाग एक हजार बारा सुरू झाला. कजरीला सातवा महिना. बंगल्याच्या दिवाणखान्यात ती पाळण्यावर स्वतः शिवलेली गोधडी अंथरते, माहेरच्या आठवणीने रडते, आणि रडता रडता उठून नाचायला लागते. पोटुशी बाई, कमरेला पानं बांधून. सासू डोळे पुसत म्हणते, "जंगलातली असली तरी मनाने सोनं आहे हो पोर."

"खोटं," मी म्हणाले.

काचेपलीकडून सुमंतने अंगठा वर केला. "पाच. पास."

"सुमंत, मी खोटं म्हणतेय ना."

"ताई, तुम्ही म्हणताय. टोपी नाही म्हणत."

"त्या गोधडीचे कोपरे बघ. मोकळे आहेत."

"मग?"

"आमच्यात गोधडीला कवंदी म्हणतात, तिच्या चारही कोपऱ्यांना फूल लावतात. कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक. फूल नसलेली कवंदी म्हणजे नागडी. ती बाळाच्या तर सोडच, कुत्र्याच्या अंगावरही कुणी घालणार नाही."

"हे तुम्ही शर्वरी मॅडमना सांगा," सुमंत म्हणाला आणि पुढचा प्रसंग लावला.

मी सिद्दी. चार-पाचशे वर्षांपूर्वी ज्यांना आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणून विकलं, त्यांची लेकरं आम्ही. आमची गावं कर्नाटकातल्या हळियाळ-यल्लापूरच्या रानात. शाळेत कन्नड, बाजारात मराठी आणि घरात कोकणी-मराठीची एक आपली बोली. माझे बाबा गावच्या सहकारी सोसायटीत सेक्रेटरी होते, त्यांना नाचता येत नव्हतं. मी धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. केलं. लग्नानंतर कोल्हापूरला आले. रस्त्यात लोक मला इंग्रजीत पत्ता विचारतात आणि मी मराठीत उत्तर दिलं की दचकतात.

मराठी वाहिनीला आमचा शोध २०३८ साली लागला. 'कजरी घरी आली', सोमवार ते शनिवार, दुपारी दीड वाजता. श्रीमंत घरात आलेली सिद्दी सून. कजरी कुणी नटी नव्हती, यंत्राने घडवलेली होती. त्या वेळेपर्यंत दुपारच्या मालिकांत हाडामांसाचं माणूस परवडेनासं झालं होतं. सुरुवातीला म्हणे नटी शोधली होती. आमच्यातल्या दोन मुली जाऊन आल्या. एकीला सांगितलं, तू पुरेशी काळी नाहीस. दुसरीला सांगितलं, तुझं मराठी फारच शुद्ध आहे.

मग ओरड झाली, मोर्चे झाले आणि सरकारने नियम केला. लहान समाजातलं यंत्रघडीव पात्र दाखवायचं असेल तर त्या समाजातला एक जिवंत साक्षीदार हवा. साक्ष तीन वर्षं टिकेल. साक्षीदाराशिवाय पात्र पडद्यावर येणार नाही. आणि साक्ष तोंडी चालणार नाही, कारण तोंडाला दमदाटी करता येते, तोंड विकत घेता येतं. साक्ष मेंदूची घ्यायची.

हे शास्त्र मला नवीन नव्हतं. आपला मेंदू समोरचं बघत बसत नाही, पुढचं आधीच रचून ठेवतो. कुणी म्हणालं, "चहात दोन चमचे," तर 'साखर' हा शब्द कानावर येण्याआधीच मेंदूने त्याच्यासाठी जागा झाडून ठेवलेली असते. तिथे 'मीठ' आलं, की साधारण चारशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते. ती आपल्याला कळत नाही, अडवता येत नाही आणि तिला खोटंही बोलता येत नाही. आमच्याकडे सगळे तिला खटका म्हणतात. टोपी तो खटका शून्य ते शंभरात मोजते. चाळीसच्या वर गेला की प्रसंग रद्द.

मुलाखतीत हे सगळं मीच मालिकेच्या प्रमुख शर्वरी मॅडमना समजावून सांगितलं होतं, अगदी फळ्यावर आकृती काढून. त्या म्हणाल्या होत्या, "गिरिजा, तू आमची विवेकबुद्धी आहेस." मला ते आवडलं होतं.

पहिले सहा महिने मी राज्य केलं. कजरी लिफ्टला घाबरून किंचाळते: एक्याऐंशी. रद्द. कजरी चोरामागे हरणासारखी धावते: चौऱ्याहत्तर. रद्द. कजरीचे वडील 'टोळीप्रमुख': अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी मी पेढे वाटले. लेखक मंडळी मला जिन्यात बघून तोंड फिरवायची आणि मला बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी आकडे साठच्या घरात आले, मग चाळीसच्या. मला वाटलं, लेखन सुधारतंय. आता सातव्या महिन्यात पानं बांधून नाचणाऱ्या बाईला माझं डोकं पाच देत होतं.

शर्वरी मॅडमच्या केबिनमध्ये मी बसलेच नाही.

"माझी टोपी बंद करा. माझा खटका झिजलाय."

"अगं, झिजायला काय तो खडू आहे?"

"मॅडम, खटका खोटेपणा मोजतच नाही. अनोळखीपणा मोजतो. तीच गोष्ट नऊशे वेळा बघितली की मेंदू तिच्यासाठीच जागा झाडून ठेवतो. तुम्ही मला रोज मीठ पाजलंत, आता मला चहा खारटच लागतो."

"वा! हे वाक्य कजरीला देऊ का?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शर्वरी मॅडम वाईट बाई नव्हत्या असं म्हणायची लोकांत पद्धत होती. मी म्हणणार नाही.

"बरं, धरून चालू. तुझी तीन वर्षं या महिन्यात संपतायत. नवीन साक्षीदार कुठून आणू? तूच सांग."

"माझ्या आईला आणते."

"अगं, त्यांचं अख्खं आयुष्य गावात गेलं. त्यांना कजरीचा नाही, दिवाणखान्याचा खटका बसेल. सोफ्याचा बसेल. प्रत्येक प्रसंग ऐंशीच्या वर. कुणाला कशाचा बसला, हे टोपी सांगत नाही ना. तूच शिकवलंयस."

ते खरं होतं.

"आणि तुझा नवरा?"

"तो मागे एकदा टोपी घालून बसला होता. तुम्हीच घालवलात."

"घोरत होता गं. झोपलेल्या माणसाची साक्ष कशी घेणार?" त्या हसल्या, मग थांबल्या. "इथे राहणारं, घरचं वळण असलेलं आणि डोकं ताजं असलेलं कुणी हवं. नेत्रा किती वर्षांची झाली?"

मी दार आपटून बाहेर आले.

नेत्रा साडेचार वर्षांची. माझी एकुलती एक. तिला ताप आला की मी तिचे श्वास मोजते, ती बागेत खेळत असताना इतर आया काय कुजबुजतात त्यावर माझे कान असतात. बागेत एकदा एका बाईने तिच्या केसांत हात घालून आपल्या मुलाला सांगितलं होतं, "बघ, हात लावून बघ, स्प्रिंगसारखे आहेत." मी त्या मुलाच्या केसांत हात घातला आणि म्हटलं, "अय्या, याचे तर शेवयांसारखे!" ती बाई पुन्हा त्या बागेत आली नाही.

घरी मंजूला, म्हणजे मंजुनाथला, सगळं सांगितलं. तो पालेभाजी निवडत होता.

"नाही म्हणालीस ना? मग विषय संपला."

"संपला नाही. माझी साक्ष संपली की ते कुणालातरी पकडून आणतील. पुण्यामुंबईतली कुठलीतरी, आजोबांच्या आडनावावर सिद्दी असलेली. आणि तो नागड्या कोपऱ्यांचा प्रसंग माझ्या नावाने दाखवतील. खाली लिहून येईल, अस्सलतेची साक्ष, गिरिजा सिद्दी. आई बघेल. अख्खी आळी बघेल."

"येऊ दे की. गावात आता दीडला वीजच नसते."

"मंजू!"

"मग काय करायचं म्हणतेस?"

मला काय करायचं होतं ते केबिनच्या दारातच ठरलं होतं, फक्त तोंडाने निघत नव्हतं. "नेत्राला एकदाच बसवू. तिने कवंदी बघितलीय. आईच्या मांडीवर वाढलीय ती. तो प्रसंग बघून तिचा काटा ऐंशीला जाईल. मग माझा खटका झिजलाय हे सिद्ध होईल आणि तो प्रसंग मरेल."

"आईच्या मांडीवर कधी वाढली? वर्षातून दोनदा जातो आपण, चार चार दिवस."

"रक्तात असतं ते."

मंजूने भाजीतून मान वर केली. "एम.ए. झालीयस तू," एवढंच म्हणाला.

संमतिपत्र मी प्रत्येक ओळ वाचून सही केलं. मला कुणी फसवलं असं मी म्हणू शकत नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: चाचणीत काटा चाळीसच्या वर गेल्यास प्रसंग रद्द, चाळीसच्या खाली राहिल्यास ती नोंद बालिकेची साक्ष मानली जाईल, मुदत तीन वर्षं. मी त्या ओळीवर बोट ठेवून शर्वरी मॅडमना म्हटलं, "चालेल." तेव्हा मी जिंकल्यासारखी हसले असणार, कारण त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

लहान मापाची टोपी तयारच होती.

नेत्रा शहाण्यासारखी बसली. सुमंतने तिच्या केसांत बोटं घातली, तो काही बोलणार तेवढ्यात मी त्याच्याकडे बघितलं. त्याने टोपी चढवली.

प्रसंग सुरू झाला. कजरी, पाळणा, गोधडी. मी पडद्याकडे बघतच नव्हते, काट्याकडे बघत होते. सात. कजरी रडते. चार. उठते, पानं, नाच. तीन. नेत्रा खुर्चीत बसल्या बसल्या खांदे हलवत होती. तिला पुढचं गाणं पाठ होतं.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

पुन्हा तेच. तीन, चार, तीन.

"नेत्रा, त्या गोधडीकडे बघ. काय नाहीये तिला?"

"ताई, बोलू नका, लाट बिघडते," सुमंत म्हणाला.

"कजरी मावशीची गोधडी छान आहे," नेत्रा म्हणाली.

मावशी. ही नाती माझ्या अपरोक्ष जुळली होती. नेत्रा दिवसभर असते ते कंपनीचं पाळणाघर दुसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी दीडला तिथे मुलांना गाद्यांवर आडवं करतात आणि भिंतीवर आमचीच मालिका लावतात, आवाज बारीक ठेवून. मला हे माहीत होतं. मुलं झोपतात, असं मी स्वतःला सांगत आले होते.

शर्वरी मॅडम मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "तुलनेसाठी एक अस्सल चित्रफीत लावायची असते ना रे सुमंत? नियमात आहे."

ती चित्रफीत मीच तीन वर्षांपूर्वी दिली होती. आई ओसरीवर बसून कवंदी शिवतेय. पाय लांब, डावीकडून टाके घालत हळूहळू मध्याकडे सरकत जाणारी. केस तेलाने चापून चार वेण्यांत. ती मान वर न करता मला जवळ बोलावते, "कितें बघतंस गे? हंगा ये, दोरा ओव."

काटा उसळला. बावन्न. आईने कोपऱ्याचं फूल हातात घेतलं आणि एकसष्ट. नेत्रा खुर्चीत मागे सरकली.

"ती आजी अशी का बोलते?" तिने विचारलं.

"ती तुझी आजी आहे, नेत्रा. आपली आजी."

"फोनवरची आजी अशी नाही बोलत."

कारण फोनवर मी आईला सांगते, नातीशी जरा शाळेतलं मराठी बोल. आणि आईने नेत्रासाठी शिवलेली कवंदी, फुलांसकट, कपाटाच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. नेत्रा तीन महिन्यांची असताना शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अय्या, बाळाला चिंध्यांत का गुंडाळलंय?" मी काही न बोलता कवंदीची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून हत्तींची दुलई आणली. बागेतल्या बाईला उत्तर देणारी मीच. पण तेव्हा मी बाळंतीण होते, थकलेली होते, असं म्हणता येईल. साडेचार वर्षं थकलेली होते असं कसं म्हणू?

"म्हणजे बघ," शर्वरी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शास्त्रानुसार कजरी अस्सल आणि तुझी आई जरा खटकते."

सुमंतला हसू आलं. मग त्याने माझ्याकडे बघून ते गिळलं.

आठ दिवसांत मालिकेच्या सुरुवातीची पाटी बदलली. 'अस्सलतेची साक्ष: कुमारी नेत्रा सिद्दी.' पाळणाघरातल्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. रोज सकाळी अर्धा तास टोपी. नेत्राला टोपी आवडायची, संपल्यावर चॉकलेट मिळायचं. कजरीला मुलगी झाली. कजरीने मुलीचं नाव सापाला विचारून ठेवलं. दोन. पास. कजरीने मुलीच्या केसांना कंगवा लावायचा नाही असं व्रत घेतलं, देवाचे केस म्हणून. तीन. पास. त्या संध्याकाळी मी नेत्राच्या वेण्या घालायला बसले तर तिने कंगवा फेकून दिला.

"देवाचे केस आहेत. तुला माहीत नाही."

"नेत्रा, असं काही नसतं आपल्यात."

"तू खोटं बोलतेस. टोपीने सांगितलंय मला सगळं माहितीये. मॅडम म्हणाल्या, तुला जे वाटतं तेच खरं."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पहिल्यांदाच. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. बागेतल्या बायका बघतात तशी. मंजूने तिला उचललं आणि बाहेर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तिला मारून काय? तिच्या डोक्यात तीन वर्षं काय भरायचं ते आता त्यांच्या हातात आहे. सही काढून घे."

दुसऱ्या दिवशी मी शर्वरी मॅडमसमोर उभी राहिले.

"साक्ष मागे घ्यायचीय."

"मुलाची साक्ष पालकाला मागे घेता येत नाही. नाहीतर प्रत्येक आईबाप उद्या आम्हाला वेठीस धरतील. नियम वाचलायस तू."

"रद्द ठरवता येते."

त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "येते. पण तू ते करणार नाहीस."

त्यांनी खणातून साक्षी नोंदवणाऱ्या सरकारी मंडळाचा अर्ज काढून पुढे सरकवला. मुलाची साक्ष एकाच कारणाने रद्द होते: मूल त्या समाजाच्या संस्कृतीत वाढलेलंच नाही, असं पालकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. ते मंडळाच्या दप्तरात जातं आणि मंडळाच्या संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येईल असं, कायमचं राहतं.

"विचार कर," त्या म्हणाल्या. "उद्या ही मुलगी मोठी होईल, स्वतःचं नाव शोधेल. पहिलं काय सापडेल? आईच्या अक्षरात, की ही आमच्यातली नाही. तुझ्या गावातले काय म्हणतील? मालिकेत तरी तिला सगळे सिद्दी म्हणतायत."

"हो. तुम्ही म्हणताय तेच."

"माझं ऐक. तीन वर्षं काय गं, चुटकीसरशी जातील."

"माझी गेली ना. बघताय तुम्ही काय राहिलंय."

मी त्यांच्याच टेबलाशी बसले, त्यांचंच पेन घेतलं. मला वाटलं होतं, मुलीसाठी खोटं लिहायचं आहे. आईबाप मुलांसाठी खोटं लिहितातच; वय, पत्ता, काय काय. पण प्रश्न वाचत गेले तशी माझ्या कानशिलांवर धग चढत गेली.

मूल घरी समाजाची बोली बोलते का? नाही.

समजते का? नाही.

समाजातील वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहते का? वर्षातून आठ दिवस.

समाजातील वस्तू, वस्त्रे, अंथरूण-पांघरूण घरात वापरात आहेत का? नाहीत. कपाटात आहेत.

समाजाची गाणी, गोष्टी, सण पालक मुलास सांगतात का? मी पेन उचललं. थांबले. नाही.

एकही अक्षर खोटं लिहावं लागलं नाही. शेवटचा प्रश्न मोठा होता आणि त्याच्यासाठी चार ओळी सोडल्या होत्या: तर मग बालक कोणत्या संस्कृतीत वाढले आहे, हे पालकाने स्पष्ट करावे.

मी लिहिलं, दुपारी दीड वाजताच्या.

शर्वरी मॅडमनी कागद उचलून वाचला. "हे उत्तर चालणार नाही."

"खोटं आहे?"

"उद्धट आहे."

"उद्धटपणाचं कलम दाखवा."

त्यांनी दाखवलं नाही, कारण नव्हतं. खाली सही करताना मी 'सिद्दी' हा शब्द जरा जोरात दाबला, कागद फाटला. नवीन कागदावर सगळं परत लिहावं लागलं. दुसऱ्यांदा लिहिणं जास्त कठीण गेलं. सगळा वेळ शर्वरी मॅडम फोनवर लेखकांशी बोलत होत्या. "नाही, मिळणार नाही इतक्यात दुसरी. काढूनच टाका तिला. हो, एका भागात, मंडळाचा शिक्का पडायच्या आत. निरोपाचा भाग करा मोठा."

दारात त्यांनी मला थांबवलं. "तुला वाटतं तू कजरीला घालवलंस. पण तुमच्यातली म्हणून लोकांना एक तरी माहीत होती. आता तीही नाही."

या वेळी मी दार आपटलं नाही.

कंपनी सुटली, पाळणाघर सुटलं. मंजूने गावी आईला सगळं सांगितलं. मला ते जमलं नसतं. आईने अर्ज कुणाकडून तरी वाचून घेतला. दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाली, "लिवलंस तें बरें केलंस. हें लिवंक तुका शिकयलें काय गे?" आणि ठेवून दिला. यात शाबासकी किती आणि थोबाडीत किती, ते मी अजून तपासते आहे.

निरोपाचा भाग शनिवारी होता. मी टीव्ही लावला नव्हता, शेजारच्या काकूंनी लावला होता आणि नेत्रा त्यांच्याकडे जाऊन बसली. दोन वाजता परत आली. चेहरा लाल, नाक वाहतंय. दारातच उभी राहिली.

"कजरी गेली."

"हो का? कुठे गेली?"

"आफ्रिकेला. बोटीत बसून. सगळे रडले. तिची सासू म्हणाली, आपल्या माणसांत परत जा." तिने बाहीला नाक पुसलं. "तू घालवलंस तिला. काकू म्हणाल्या, तुझ्या आईने लिहून दिलं म्हणून बंद झालं."

"हो. मी लिहून दिलं."

"तू वाईट आहेस."

"असेन."

ती आत आली नाही. उंबऱ्यावर एक पाय, बाहेर एक पाय. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "काकूंचा बंटी म्हणाला, आता तुम्हीपण जाणार. आपण कधी जाणार आफ्रिकेला?"

पाचशे वर्षं. बाबांची सोसायटी, आईची ओसरी, धारवाडचं वसतिगृह, हे भाड्याचं घर. साडेचार वर्षांच्या पोरीला यातलं काय सांगू, आणि कुठल्या मराठीत? माझ्या जिभेवर आलेली सगळी वाक्यं कजरीची सासू म्हणेल अशी होती.

मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला.

"खंयच ना," कुठेच नाही, असं मी आईच्या बोलीत म्हणाले.

तिच्या भुवया वर गेल्या. मान मागे गेली, आजीला पडद्यावर बघून गेली होती तशीच. "काय?"

"खंयच ना गे, बाये."

"असं का बोलतेस? नीट बोल."

मी हात पुढे केला. तिने झटकला.

"नीट बोल ना! कधी जाणार?"

"खंयच ना," मी परत म्हणाले. ती रडायला लागली, मला बुक्क्या मारायला लागली, आणि मी मराठीत सांगितलं नाही.